इस्त्रीच्या लारीवरच्या चोपडीतल्या पक्षीनोंदी: कुठे आणि कशा भराव्यात?

निंबोळी (बडोदे)

नमस्कार. प्रश्न दोन ओळींतही विचारता आला असता, पण मागची हकीकत कळली नाही तर उत्तरं भलतीकडे जातील, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कारेलीबागेत राहते, विश्वामित्री नदीपासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या सोसायटीतले आम्ही नऊ जण गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून पक्षी मोजतो. सुरुवात त्या चार दिवसांच्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटने (आपल्या परिसरातले पक्षी मोजण्याच्या जागतिक उपक्रमाने) झाली, मग सवय लागली. दर रविवारी सकाळी सात ते सव्वासात अगाशीवर, आणि महिन्यातून एकदा कमाटीबागेत. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, यादी मी भरते. ग्रुपवर हल्ली धनेशाचे फोटो भरपूर येतात आणि कावळ्या-पारव्यांचे आकडे कोणी देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे, पण आज विषय वेगळा.

विषय आहे आमचे इस्त्रीवाले भाई. फाटकाशेजारच्या कडुनिंबाखाली त्यांची लारी (हातगाडी) एकोणीस वर्षं उभी आहे. कोळशाची इस्त्री. सकाळी साडेसातला निखारे फुलतात ते संध्याकाळी सहाला विझतात. एवढा वेळ एका जागी उभं राहून त्याच झाडाकडे, त्याच कुंपणाकडे, आभाळाच्या त्याच तुकड्याकडे पाहणारं आमच्या नऊ जणांत कोणीच नाही.

ऑगस्टमध्ये मी साड्या द्यायला गेले तेव्हा त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "बेन, उपर जुओ, चीबरी." निंबाच्या ढोलीत पिंगळा बसला होता. दीड वर्ष मी त्या झाडाखालून दुर्बीण गळ्यात घालून जाते, पण ती ढोली मला कधी दिसली नव्हती. मी विचारलं, कधीपासून आहे? तर म्हणाले, थांबा, लिहिलं असेल, आणि लारीच्या खालच्या फळीवरून चोपडी काढली.

चोपडी म्हणजे कपड्यांच्या हिशोबाची लाल पुठ्ठ्याची वही. एका पानावर एक दिवस: घर नंबर, नग, पैसे. आणि डाव्या समासात अधूनमधून गुजरातीत एखाद-दोन शब्द. 'थरथरो आव्यो.' 'वैयां गयां.' 'कांकणसार १४.' म्हणजे आपला थिरथिरा (हिवाळ्यातला पाहुणा पक्षी), भोरड्या आणि काळा शराटी. २०१९ पासूनच्या चोपड्या शिल्लक आहेत, त्याआधीच्या त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या पुरात गेल्या. गेल्या वर्षी पुन्हा पूर आला तेव्हा भाईंनी एक प्लॅस्टिकची पिशवी "आ साचवजो" (हे सांभाळा) म्हणत माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर ठेवायला दिली होती. उधारीचा हिशोब असेल म्हणून मी ती उघडलीही नाही. सहा वर्षांचे पक्षी पंधरा दिवस माझ्याच कपाटात होते.

आता थिरथिऱ्याचं सांगते, कारण त्याच्याच नोंदी सगळ्यात नेमक्या आहेत. त्याला कारणही आहे. हे पाखरू आलं की चणिया-चोळीचे ढीग यायला लागतात, नवरात्रातले नऊ दिवस भाईंना पाठ टेकायला मिळत नाही. म्हणून ते तारीख टिपून ठेवायचे, कोळसा आधीच भरून ठेवता यावा म्हणून. पहिल्यांदा दिसल्याच्या तारखा मी उतरवून घेतल्या: २०१९ला २ ऑक्टोबर, २०२०ला २९ सप्टेंबर, २०२१ला ४ ऑक्टोबर, २०२२ला १ ऑक्टोबर, २०२३ला ३० सप्टेंबर, २०२४ला ३ ऑक्टोबर आणि यंदा १ ऑक्टोबर.

भाईंना एक गोष्ट खटकत होती. त्यांच्या हिशोबाने पाखरू नवरात्रात यायला हवं. २०१९ला चौथ्या माळेला आलं, २०२२ला सहाव्या, गेल्या वर्षी तर घटस्थापनेलाच. मग २०२० आणि २०२३ला ते नवरात्राच्या पंधरा-अठरा दिवस आधी का आलं? २०२०ला तर गरबाच झाला नाही, एकही घागरा इस्त्रीला आला नाही, तरी ते आलं. मी घरी येऊन पंचांग पाहिलं. दोन्ही वर्षी अधिक मास होता, २०२०ला अधिक आश्विन आणि २०२३ला अधिक श्रावण. नवरात्र पुढे सरकलं होतं, पाखरू आपल्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी भाईंना हे सांगितलं तर इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, म्हणजे पाखरू बरोबर होतं. इतका आनंद मला बँकेतल्या पस्तीस वर्षांत ताळेबंद जुळल्यावरही झाला नव्हता.

तर माझे प्रश्न. या नोंदी ईबर्डवर माझ्या खात्यातून भराव्यात का? मी तर त्या पाहिलेल्या नाहीत. भरायच्या तर कोणत्या प्रकारात? वेळ लिहिलेली नाही, तारीख मात्र पक्की आहे. आणि कोऱ्या समासांचं काय करायचं? लॉकडाऊनचे दोन महिने लारी बंद होती, होळीला भाई गावी जातात, आणि नवरात्रात हात इतके गुंतलेले असतात की आभाळाकडे बघायला फुरसत नसते. ते कोरे दिवस म्हणजे पक्षी नव्हते असं नाही ना. पण इतर दिवशीचे कोरे समास? तिथे पाहिलं आणि दिसला नाही, की पाहिलंच नाही, हे आता भाईंनाही सांगता येत नाही.

पाणकावळा (पुणे)

निंबोळीताई, वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो.

आधी सोपं ते. तुमच्या खात्यात भरू नका. ईबर्डच्या यादीत ज्याचं खातं, त्याने स्वतः पाहिलेले पक्षी, एवढाच अर्थ असतो. भाईंच्या नावाने वेगळं खातं उघडा, त्यांच्या संमतीने. पूर्वीच्या नोंदींना तारीख नक्की असेल तर वेळेवाचूनही त्या भरता येतात. इस्त्री करता करता नजरेस पडलेला पक्षी म्हणजे 'इन्सिडेंटल' प्रकार, कारण भाई पक्षी बघायला उभे नव्हते. 'दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणा. संख्या लिहिलेली नसेल तिथे एक्स टाका, अंदाजाने आकडा घालू नका. आणि शेऱ्यात त्यांचे गुजराती शब्द जसेच्या तसे लिहा. उद्या कोणी शंका काढली तर मूळ शब्द उपयोगी पडतो.

कोऱ्या समासाचा तुमचा प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो विचारणारे फार थोडे असतात. 'होय, सगळे नोंदवले' अशी खूण असलेल्या यादीतून 'काय नव्हतं' हेही कळतं. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून तुम्ही अकरा कावळे आणि चार साळुंक्या लिहिल्यात, चिमणी लिहिली नाहीत, तर चिमणी तिथे दिसली नाही असं धरता येतं. अशा हजारो याद्या जमल्या की कोणता पक्षी किती टक्के याद्यांमध्ये येतो हे काढता येतं, आणि तो आकडा वर्षागणिक वर जातोय की खाली हे दिसतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल याच पायावर उभा आहे: ९४२ जाती, सुमारे तीस हजार निरीक्षक, तीन कोटींच्या आसपास नोंदी. पारवा, कोकीळ, मोर वाढत आहेत आणि चास (नीलकंठ) घटतो आहे, हे त्यातून कळलं. दुर्मिळ पक्ष्याच्या फोटोंमधून यातलं काहीच कळलं नसतं. ग्रुपवर कावळ्यांचे आकडे मागत राहा. ती तक्रार जुनी असली तरी रास्त आहे.

चोपडीतून 'नव्हता' हे काढता येणार नाही. पण पहिल्यांदा आल्याची तारीख ही वेगळी आणि मोलाची गोष्ट आहे. २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा स्थलांतरित पक्ष्यांच्या नोंदींचा उपक्रम सुरू झाला तेव्हा लोकांकडून नेमकं हेच मागितलं होतं: पाहुणा पक्षी तुमच्याकडे पहिल्यांदा कधी दिसला आणि शेवटचा कधी. त्यात एक अडचण नेहमी असते. तारीख पुढे सरकली तर पक्षी उशिरा आला, की बघणाऱ्याने उशिरा पाहिलं? भाईंच्या बाबतीत ही शंका फार कमी उरते, कारण ते रोज तिथेच असतात. स्थलांतराचं वेळापत्रक बरंचसं दिवसाच्या लांबीवर चालतं, त्यामुळे चांद्र पंचांगाशी ते न जुळणं अगदी अपेक्षित आहे. तरी हे कोणी इस्त्रीच्या ढिगांवरून पकडल्याचं मी प्रथमच ऐकलं.

एक खात्री मात्र करून घ्या. तो थिरथिराच आहे ना? चिरक बारमाही असतो, नर काळा, शेपटीखाली तांबूस. लांबून गल्लत होऊ शकते. भाईंना काही सुचवू नका, नुसतं 'शेपटी कशी हलते?' एवढंच विचारा.

विश्वामित्रीकाठ (बडोदे)

ताई, मी तुमच्या जवळच राहतो, फतेगंजला. मला तुमच्या पोस्टमधल्या 'कांकणसार १४' या दोन शब्दांवर बोलायचं आहे.

काळे शराटी संध्याकाळी रांगेने नदीच्या बाजूला रातथाऱ्यावर (रात्रीच्या मुक्कामाच्या जागी) जातात, तो किंचाळल्यासारखा आवाज सगळ्या कारेलीबागेने ऐकला असेल. ते परततात तीच वेळ उत्तरायणाला (म्हणजे संक्रांतीला) अगाशीवर सगळ्यात जास्त पतंग असण्याची. दर जानेवारीत जखमी पक्ष्यांत मी पारवे, घारी आणि शराटी पाहिले आहेत. मांजाने पंखाच्या सांध्यापाशी कापलं की तो पक्षी बहुधा पुन्हा उडत नाही. मदतकेंद्रावर तीन वर्षं मी खोकी धरून उभा असतो. सरकारचं करुणा अभियान १० ते २० जानेवारी चालतं, जखमी पक्ष्यांची नोंद होते. पण जे उडत राहिले त्यांची मोजणी आमच्याकडे नाही. जानेवारीत रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा भाईंच्या लारीपाशी उभं राहून वरून जाणारे शराटी मोजले तर? १ तारखेपासून ३१ पर्यंत, एकही दिवस न चुकता, वासी उत्तरायणालासुद्धा (म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी). मी आठवड्यातून तीन दिवस येईन. एका थव्यावरून लगेच निष्कर्ष काढायचा नाही, कारण ते रातथाऱ्याची जागाही बदलतात. पण दोन-तीन जानेवारी मोजल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. चोपडीतली जानेवारीची जुनी पानं मला बघायला मिळाली तर फार बरं होईल.

आणखी एक, जरा काळजीने सांगतो. पिंगळ्याच्या ढोलीचा फोटो आणि जागा ग्रुपवर टाकू नका. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या ग्रुपवर अशीच एक ढोली टाकली होती. पुढच्या रविवारी कॅमेरे घेऊन वीसेक जण आले, मोबाइलवर हाक वाजवत बसले. पंधरा दिवसांत जोडी दिसेनाशी झाली. यादीत 'पिंगळा २' एवढं पुरे.

परवा दसऱ्याला आई सोनं वाटता वाटता विचारत होती, चास दिसला का. तिच्या लहानपणी दांडिया बाजारातून सीमोल्लंघनाला निघालं की नदीपलीकडे तारांवर दिसायचाच म्हणे. आम्ही वाढवाणा तलावाच्या रस्त्याला डभोईपर्यंत गेलो तेव्हा एक दिसला.

सिरपूरकर (इंदूर)

सगळी चर्चा वाचली. वेगळा मुद्दा आहे, रागावू नका.

आमच्याकडे सिरपूर तलावावर (होळकरांच्या काळातला, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत) पक्षीगणनेला आम्ही नेहमी दुर्बीणवाल्यांनाच बोलावत आलो. तलावाकाठी गवत कापणाऱ्या बायकांना कुठल्या बेटावर काय बसतं हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आम्ही त्यांना विचारायचो, त्या सांगायच्या, आणि यादीवर नाव आमचं. हे बरोबर नव्हतं हे कळायला मला फार वर्षं लागली.

म्हणून म्हणते, चोपडी भाईंची आहे. त्यात उधारी आहे, कोणाच्या घरचे किती कपडे हे आहे. पानांचे फोटो फिरवण्याआधी त्यांना विचारा. जानेवारीचा सगळा महिना रोज अर्धा तास द्या असं ठरवण्याआधीही त्यांना विचारा. संध्याकाळी साडेपाच ही त्यांची गिऱ्हाइकाची वेळ असते. खातं उघडलं तर त्यात काय लिहिलं जातंय ते त्यांना वाचून दाखवा.

निंबोळी (बडोदे)

सिरपूरकरताई, रागावण्याचा प्रश्नच नाही, मी तुमची पोस्ट वाचून चप्पल घालूनच खाली गेले. भाईंना सगळं सांगितलं: कुठे लिहिलं जाईल, कोण वाचेल, फुकट आहे, कोणाला पैसे मिळत नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. नाव माझं राहील ना? आणि उधारी दिसणार नाही ना? मग म्हणाले, समास तेवढा घ्या. त्यामुळे पानांचे फोटो नाहीत. मी लारीपाशी स्टूल टाकून बसते, ते वाचून दाखवतात, मी वेगळ्या वहीत उतरवते. २०२१ पर्यंत झालं आहे. खातं त्यांच्या मुलाने उघडून दिलं.

पाणकावळा, शेपटीचं तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, काही न सुचवता. भाईंनी आधी हात सरळ वर उभा केला: "आ देवचकली." म्हणजे चिरक. मग तोच हात आडवा धरून बोटं थरथर हलवली: "आ थरथरो." नावातच आहे, मला आधी कळायला हवं होतं. मराठीतही थिरथिरा त्या थरथरण्यावरूनच आला असणार. तांबटाचंही असंच. भाई त्याला कंसारो म्हणतात, आणि कंसारो म्हणजे भांडी ठोकणाराच. दोन्ही भाषांना त्या टुक-टुकमध्ये एकच धंदा ऐकू आला.

विश्वामित्रीकाठ, जानेवारीची संध्याकाळ भाईंना जमणार नाही, सिरपूरकरताईंचा अंदाज खरा ठरला. उत्तरायणाआधी कपडे जास्त असतात. मोजायला मी आणि आमच्यातले चार जण उभे राहू, तुम्ही तीन दिवस या. शराटी दिसले की भाई हाक मारतील, आवाज त्यांना आमच्या आधी ऐकू येतो. ढोलीचा फोटो ग्रुपवर टाकलेला नाही, टाकणारही नाही.

या रविवारी भाईंच्या खात्यावर पहिली पूर्ण यादी भरली. पावणेआठ ते आठ, इस्त्री ठोकळ्यावर उभी करून ठेवलेली. गावकावळे १३, पारवे ३१, साळुंक्या ६, लालबुड्या बुलबुल २, होला १, तांबट १ (फक्त आवाज), शिंजीर १, घार २, पोपट ९, पिंगळा १, थिरथिरा १, तोही मादी. ती मातकट असते, मी असते तर चिमणी समजून सोडून दिली असती. कावळे मी अकरा मोजले होते, भाईंनी टाकीमागचे दोन दाखवले. अ‍ॅपवर मराठी नावं दिसतात ती मी वाचायची, ते गुजराती सांगायचे, आणि मग आकडा. 'सगळे नोंदवले का?' हा प्रश्न आला तेव्हा भाईंनी विचारलं, चकली (म्हणजे चिमणी) नाही लिहिली? मी म्हटलं, दिसली का? नाही दिसली. मग नाही लिहायची, आणि न लिहिण्यालाही अर्थ आहे, असं पाणकावळ्यांनी सांगितलेलं त्यांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

आज सकाळी ब्लाउज आणायला गेले तर चोपडी उघडी होती. कालच्या समासात नेहमीपेक्षा जास्त लिहिलेलं दिसलं, म्हणून विचारून वाचलं: 'पोणा आठथी आठ जोयुं. थरथरो नथी. चकली नथी.'